इस्पितळाची मावशी आणि अकरा शेतं

मावशीने ठेकेदाराच्या माणसाच्या थोबाडावर सडका कोबी हाणला, तेव्हा मी किल्ल्यांचा जुडगा घेऊन कोठीच्या दारात उभा होतो. कोबी आतून काळा पडलेला होता. त्याचं पाणी त्या माणसाच्या मिशीवरून हनुवटीपर्यंत ओघळलं. स्वयंपाकघरात सहा बाया होत्या, एकीलाही हसू आलं नाही, कारण तो माणूस हसण्यावारी नेण्यातला नव्हता. लांब मान, पुढे आलेलं नाक, चालताना खांदे पुढे झुकलेले. बाजारात सगळे त्याला टिकाव म्हणत. ठेकेदाराची पोती पोचवायची आणि ज्यांना ती नको असतील त्यांची समजूत घालायची, हे त्याचं काम. त्याची समजूत डोक्यात नाही, हाडात शिरायची.

त्याने बाहीने तोंड पुसलं, मावशीकडे नीट पाहून घेतलं आणि पोती तिथेच टाकून निघाला. जाताना एवढंच म्हणाला, "लक्षात ठेवीन, म्हातारे."

मी त्या इस्पितळाचा कोठीवाला. धान्य, तेल, साबण, चादरी सगळं माझ्या कुलपात. मावशीबरोबर मी चौदा वर्षं काम केलं. ती मुख्य स्वयंपाकीण होती. रोज तीनशे माणसांचं जेवण तिच्या हाताखालून जायचं. बुटकी, रुंद, मनगटं गड्यासारखी. तिला नाव होतं, पण ते फक्त हजेरीपटावर. डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांची ती मावशी.

ती या इस्पितळात प्रथम आली ती रुग्ण म्हणून. नवऱ्याने पट्ट्याच्या बक्कलाने मारून तिचं गळ्याचं हाड मोडलं होतं. तिसऱ्या दिवशी ताटात आलेली पेज तिने तोंडात घेतली आणि हात गळ्यात बांधलेला असताना तशीच दोन जिने उतरून खाली आली. हे कुणी शिजवलं, असं तिने विचारलं. तेव्हाची स्वयंपाकीण म्हणाली, तुला जमत असेल तर तू शिजव. मावशीने एका हाताने पेज शिजवली. बरी झाल्यावर ती घरी गेलीच नाही. महिन्याभराने नवरा न्यायला आला, मागच्या दाराशी. त्याने तिचे केस धरले. तिने वाढायच्या डावाने त्याच्या कानशिलावर एकच फटका मारला, तो पायरीवर बसला आणि बराच वेळ उठला नाही. पुन्हा काही तो आला नाही.

तिच्या लहानपणाबद्दल ती एकदाच बोलली, भोपळे चिरताना. बापाचं हातरुमालाएवढं शेत होतं, शेजारी मोठ्या मळेवाल्याचा मळा. मळेवाल्याच्या राखणदारांनी पाटाचं पाणी वळवलं, बाप विचारायला गेला, त्यांनी कुदळीच्या दांड्याने त्याला झोडपलं. एक कान चिरून लोंबत होता. ही नऊ वर्षांची. तो कान तिने हाताने जागेवर दाबून धरला आणि बापाला घरापर्यंत चालवत आणलं. "कान राहिला," ती म्हणाली, "शेत नाही राहिलं." आणि पुढचा भोपळा घेतला.

त्या सडक्या कोबीमागे एक मढं होतं. आमच्याकडे सगळा भाजीपाला एकाच ठेकेदाराकडून यायचा. कुठून कुठून लांबून, आठ-आठ दिवस पोत्यात कोंबलेला. मावशी निवडून निवडून शिजवायची. पण एका आठवड्यात अंडीही तशीच आली, वरून धड दिसणारी. बाळंतिणींच्या खोलीत अठरा जणी आजारी पडल्या. सतरा जणी वाचल्या. अठरावी कोवळी पोर होती. तिचं बाळ चार दिवसांचं. ती गेली तेव्हा तिच्या आईने खाली येऊन स्वयंपाकघरातलं दिसेल ते भांडं फोडलं. मावशीने कुणाला तिला अडवू दिलं नाही. शेवटी ती आई मावशीच्या छातीवर बुक्क्या मारू लागली. मावशीने हात खाली सोडून त्या सगळ्या मुकाट्याने झेलल्या.

दुसऱ्या दिवशी ती मोठ्या डॉक्टरांसमोर उभी राहिली. या पोत्यांतलं मी शिजवणार नाही, असं तिने सांगितलं. डॉक्टर माणूस वाईट नव्हते, पण उंटावरून शेळ्या हाकणारे. मग रोग्यांना काय खायला घालणार, असं त्यांनी विचारलं. मावशी म्हणाली की नदीपलीकडे माणसं भाजी पिकवतात आणि गुरांना घालतात, कारण मोठ्या बाजाराच्या फाटकातून त्यांच्या चार पाट्या आत घेत नाहीत. डॉक्टरांनी महिनाभर करून बघा म्हटलं. त्यानंतरच्या सकाळी टिकाव पोती घेऊन आला, आणि पुढचं मी सांगितलंच.

त्या रविवारी मावशी नदीपलीकडे पायी गेली. मला बरोबर नेलं, कारण तराजू मला उचलायचा होता. अकरा घरं तयार झाली. कुणाचं शेत एवढं लहान की नांगर वळवायला शेजाऱ्याच्या बांधावर जावं लागे. मावशीने प्रत्येकाच्या वाफ्यात बसून मातीत बोटं घातली आणि कुणी काय लावायचं ते ठरवून टाकलं. दोघा भावांनी गाजर आणि पालक. एका म्हाताऱ्याने भोपळे, म्हणजे ते छपरावर ठेवून चार महिने पुरतील. दोन घरांनी अंडी, एकाने दूध. सगळ्यांत लांबच्या शेतात कोबीवाल्या काकू एकट्याच राहत. उंच, सडपातळ, बोलणं करवतीसारखं. त्या मावशीला म्हणाल्या, "इस्पितळाला माझा कोबी चालेल? बाजारात म्हणतात, एकसारखा नाही." मावशी म्हणाली, "माझ्याकडची माणसंही एकसारखी नसतात."

माल आणायचं काम एका तीनचाकीवाल्याने घेतलं. सकाळी सहाला तो निघायचा, साडेसातला आमच्या मागच्या दाराशी. भाज्यांना ओली माती चिकटलेली असायची. पंधरा दिवसांत वरून ताटं पुसून घेतल्यासारखी परत येऊ लागली. आजवर बादल्या भरभरून उष्टं फेकणारी बाई रिकामी बादली घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, आता मी करू काय?

विसाव्या दिवशी तीनचाकी आली नाही. आठ वाजता दोन माणसांनी तिच्या चालकाला खांद्यावर टाकून आणलं, तेही रुग्णांच्या दाराने. पुलाजवळ त्याला थांबवलं होतं. गाडी उलटी करून अंडी पायांनी तुडवली, आणि मग टिकावने त्याचा उजवा पाय पुलाच्या कठड्यावर ठेवायला लावला. लोखंडी गज दोनदा गुडघ्यावर मारला. पहिल्या वेळी वाटी फुटली. दुसऱ्या वेळी का मारला ते त्यालाही कळलं नाही. वेदना कमी करण्याचं औषध देईपर्यंत त्याचं ओरडणं खाली स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. मावशी कांदा चिरत होती, ती चिरतच राहिली.

चार दिवसांनी ठेकेदाराच्या दोघा माणसांनी कोबीवाल्या काकूंच्या शेतात भर दुपारी ट्रॅक्टर घातला. मागे टाकी लावलेली, टाकीत तणनाशक. काकू ट्रॅक्टरसमोर खुरपं घेऊन उभ्या राहिल्या. एकाने खाली उतरून त्यांच्या तोंडावर पान्याने मारलं. समोरचे पाच दात गेले. त्या वाफ्यात पडल्या, आणि त्या पडलेल्या असताना त्यांच्या अंगावरूनही फवारा गेला. त्यांना आमच्याकडे आणलं तेव्हा डोळे लालभडक सुजून बंद. दोन दिवसांनी त्यांनी डोळे उघडले. मावशी उशाशी होती. काकू फाटक्या ओठांतून म्हणाल्या की कोबी आता नाही जमायचा. मावशीने त्यांचं तोंड पुसलं आणि मला सांगितलं, यांना पातळ भोपळा द्यायचा, गाळून.

अकरांपैकी पाच घरांनी निरोप पाठवला, आता आमच्याच्याने होणार नाही. त्यांना कोण नावं ठेवणार? घराघरांत लेकरं होती, गुरं होती. उरलेल्या सहांत काकूंचं शेत गेलेलं, बाकी पाचांचा माल आणायला तीनचाकी नव्हती आणि दुसरा कुणी चालक यायला धजेना. मावशीने इस्पितळाची मळक्या चादरी वाहायची हातगाडी घेतली. स्वयंपाकघरातल्या दोन बाया आणि ती, अशा तिघी पहाटे पूल ओलांडून जायच्या आणि गाडी ढकलत आणायच्या. मावशीच्या कमरेला भाजीचा सुरा खोचलेला असे. तीन दिवस कुणी आडवं आलं नाही. मला वाटलं, गेलं वादळ. माझी अक्कल ही अशी.

चौथ्या दिवशी सकाळी साडेनऊला तिघं मागच्या दाराने आले. टिकाव पुढे, मागे ट्रॅक्टरवाले दोघे. बायांना त्यांनी कपडे धुण्याच्या खोलीत ढकलून बाहेरून कडी लावली. मी कोठीत होतो. मी काय केलं ते सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय बाकीचं सांगायचा मला हक्क नाही. माझी पाचावर धारण बसली. मी कोठीचं दार आतून लावून घेतलं आणि फळ्यांच्या फटीला डोळा लावला.

दोघांनी मावशीला ओट्याशी दाबली. एकाने तिची मान धरून गाल चिरायच्या फळीवर टेकवला. तिचा सुरा तिथेच पडलेला होता. टिकावने तिचा उजवा हात ओढून फळीवर पसरला. "याच हाताने निवडतेस ना भाजी?" तो म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. त्याने सुरा उचलला, करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटावर टेकवला आणि वरून तळहाताने ठोकला. दोनदा ठोकावं लागलं. मी तो आवाज ऐकला. गाजर तोडल्यासारखा होता. त्यानंतर मी आजतागायत गाजर हाताने तोडलेलं नाही.

मावशीच्या तोंडून घशातल्या घशात एक घरघर निघाली. मान धरणाऱ्याला वाटलं, बाई गेली, आणि त्याची पकड सैल पडली. तिच्या डाव्या हाताला चुलीवरचं पेजेचं पातेलं होतं, तीसएक माणसांचं, रटरटत असलेलं. तिने पातेल्याचा कान धरला. कान तापलेला होता, त्याने तिचा तळवा भाजला, तरी तिने सोडला नाही. अख्खं पातेलं तिने टिकावच्या अंगावर ओढलं.

पाणी ओघळून जातं, पेज चिकटते. हनुवटीपासून बेंबीपर्यंत ती त्याला चिकटली. त्याने सदरा ओढून काढला आणि सदऱ्याबरोबर कातडी आली. बाकीचे दोघे त्याला तिथेच टाकून पळाले. एकजण पेजेत घसरून पडला, उठला, पुन्हा पळाला. टिकाव फरशीवर गडाबडा लोळत होता. मावशी ओट्याला पाठ लावून खाली बसली, हात पदरात गुंडाळला आणि माझ्या दाराकडे बघून म्हणाली, "भाऊ, आता उघडा. थंड पाणी आणा. त्याच्यावर ओता आधी."

मी ओतलं. त्यावेळी मी रडत होतो, पण त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता.

दोघांनाही एकाच इमारतीत उचलून नेलं, ती पहिल्या मजल्यावर, तो दुसऱ्या. पोलीस आले. मला विचारलं, काय पाहिलं? मी म्हणालो, काही नाही, दार बंद होतं. मावशीच्या कानावर हे गेलं असणार. तिने मला त्याबद्दल कधीच काही विचारलं नाही, आणि ते मला शिवी खाण्यापेक्षा जड गेलं. ठेकेदाराने पोलिसांना सांगितलं की टिकाव नावाच्या कुणाला मी ओळखत नाही.

सहाव्या दिवशी मावशी खाली आली. उजव्या हाताचं मोठं गाठोडं, डावा तळवा पट्टीत. शिजवता येत नव्हतं, म्हणून स्टुलावर बसून नुसती ओरडत होती. तेवढ्यात वरच्या मजल्यावरची परिचारिका आली. भाजलेला तो माणूस खात नाही म्हणाली. ताट आलं की तोंड फिरवतो. स्वयंपाकघर त्या बाईचं आहे, ती विष घालील, म्हणतो. त्याची कातडी भरून यायला अंडी, दूध पोटात जायला हवं. असाच राहिला तर आठवड्याभरात जाईल, असं डॉक्टर सांगतात.

बायांपैकी एक म्हणाली, जाऊ दे की. मावशी उठली. दोन अंडी दुधात शिजवून घे, म्हणून तिला सांगितलं, वाटी ताटात ठेवून ताट माझ्या हातात दिलं. वर जाताना ती प्रत्येक पायरीवर थांबत होती.

टिकावची छाती कापडाने झाकलेली, लांब मान लाल आणि ओली. मावशीला पाहून तो पलंगावर मागे सरकला आणि त्या हालचालीने त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. ती खुर्ची ओढून बसली.

"माझी दोन बोटं गेली," ती म्हणाली. "तीनचाकीवाल्याचा गुडघा गेला. काकूंचे दात गेले, त्यांच्या शेतात आता गवतही उगवत नाही. तू मेलास तर मला वाईट वाटणार नाही."

त्याने वाटीकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"पण माझ्या हातचं खाऊन एक पोर मेली आहे. तुझ्या धन्याची अंडी होती, शिजवली मी. तेव्हापासून माझ्या स्वयंपाकघरातून निघालेल्या ताटाने कुणी मरत नाही. तूसुद्धा नाही." तिने माझ्याकडून चमचा मागितला, पट्टीतल्या बोटांत कसाबसा धरला, एक घास स्वतः खाल्ला. "हे नदीपलीकडच्या अंड्याचं आहे. पुलावर तुडवलीस ना, त्याच कोंबड्यांचं. खा."

त्याला हात उचलता येत नव्हते. मी भरवलं. तो गिळत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. दुखण्याने की कशाने, ते मी कसं सांगू? त्यानंतर तो रोज खायला लागला. सात आठवडे होता. ठेकेदाराकडून त्याला बघायला एक कुत्रं फिरकलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी त्याने पोलिसांना बोलावून घेतलं आणि पुलापासून स्वयंपाकघरापर्यंत सगळं सांगितलं, कुणी पाठवलं तेही. चांगुलपणा उपजला म्हणून, असं मला वाटत नाही. सोडून दिल्याचा राग होता तो. पण आम्हाला रागही चालला.

मग मी पोलीस ठाण्यात गेलो आणि माझा आधीचा जबाब खोटा होता असं सांगितलं. साहेबाने मला अर्धा तास उभं ठेवून जे काय सुनावलं ते मी इथे सांगत नाही, पण त्यात एक शब्दही चुकीचा नव्हता.

खटला मावशीवरही झाला, माणूस भाजला म्हणून. ठेकेदाराच्या वकिलाने तिला उलटसुलट विचारलं. पेज उकळत होती हे तुम्हाला ठाऊक होतं का, असं त्याने विचारलं. मावशी म्हणाली, "मीच उकळत ठेवली होती." न्यायाधीशांनी डोकं खाली घातलं. ते हसले असावेत. मावशी सुटली. ठेकेदार तीन वर्षं आत गेला, ट्रॅक्टरवाले दोघे दोन-दोन वर्षं. टिकावलाही शिक्षा झाली. सुटल्यावर तो कुठे गेला मला माहीत नाही. कुणी म्हणतं वीटभट्टीवर आहे, कुणी म्हणतं मेला.

निकालाच्या दिवशी न्यायालयाच्या पायऱ्यांवर ठेकेदाराच्या पुतण्याने काकूंवर दगड भिरकावला. तो गाजरवाल्या दोघा भावांपैकी धाकट्याच्या भुवईवर लागला. थोरल्याने पुतण्याला पकडून पायरीवर असा बडवला की शिपायांना ओढून काढावं लागलं. म्हणजे संपलं असं झालं नाही. पण त्यानंतर थांबलेली पाच घरं एकेक करत परत आली. आधी अंडी आली, मग पालक. आता सतरा घरं आहेत. शाळेच्या स्वयंपाकघरालाही तीच घरं माल देतात.

काकूंचं शेत तीन हंगाम उजाड राहिलं. मावशी आणि त्या, दोघींनी मिळून वरची माती खरवडून काढली, इस्पितळाच्या भाज्यांच्या सालांचं खत वर्षभर घातलं. चौथ्या हंगामात कोबी आला, वाटीएवढा. मावशी निवृत्त झाल्यावर काकूंकडेच राहायला गेली. दोघींचं दिवसभर भांडण चालतं, एकीला दात नाहीत, दुसरीला बोटं, आणि बांधावरून जाणाऱ्याला दोघींचाही आवाज ऐकू येतो.

तीनचाकीवाला लंगडतो, पण गाडी तोच चालवतो. पुलावरून एकटा कधी जात नाही. शेजारी कुणीतरी एक जण बसलेला असतो आणि सीटखाली लोखंडी गज असतो. इतक्या वर्षांत तो बाहेर काढावा लागला, तो दोनदाच.